टाकीतली भाची

मी मोटर चालू केली तेव्हा माझ्या नणंदेची मुलगी टाकीच्या आत होती. गच्चीवरची सिमेंटची टाकी, पुरुषभर खोल, आणि वर एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. तीन दिवस पाणी आलं नव्हतं, टाकी कोरडी ठणठणीत पडली होती, आणि कोरड्या टाकीत आवाज छान घुमतो म्हणून ती तिथे गायची. सकाळी चहा पिताना ती मला स्वच्छ सांगून गेली होती, "मामी, मी टाकीत गाते आहे, शेवटचं गाणं आहे, मोटर लावू नको." मी "बरं" म्हटलंही होतं. पण सव्वासहाला शेजारून हाक आली, "नल आ गए!" आणि झाशीत ही हाक आली की बाईचं डोकं थांबतं आणि हात चालायला लागतात. मी बटण दाबलं. थोड्या वेळानं वरून ओरडण्याचा आवाज आला. तो मी ऐकला, आणि तरी मोटर बंद केली नाही. मला वाटलं, गाणंच चाललंय.

ती शिडीनं स्वतःच वर आली. पाण्याचा पाइप नेमका तिच्या डोक्यावर उघडत होता, त्यामुळे केसांपासून भिजलेली. कानांवर ते मोठाले हेडफोन, आणि हातात आवाज पकडायचं यंत्र, त्याच्यातून पाणी गळत होतं. मी अंगणातून विचारलं, "झालं का गाणं?" ती कठड्याशी उभी राहून यंत्र झटकत म्हणाली, "मामी, सगळं गेलं."

सगळं म्हणजे आठ गाण्यांचं गायन. नऊ वर्षं ती एक अल्बम करत होती, आयुष्यातला पहिला. वाजवलेलं सगळं वर तिच्या कॉम्प्युटरात होतं, पण गायलेलं होतं त्या यंत्रात, आणि फक्त त्या यंत्रात. पुन्हा गा, असं कोणीही म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण बारा दिवसांनी ग्वाल्हेरला तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. गळ्यात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, जिवाला भीती नाही, पण आवाजाच्या नसेला चिकटून आहे. आवाज आहे तसा राहील, बदलेल किंवा बसेल, आत्ता सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "गाती-वाती तो नहीं हैं आप?" ही म्हणाली, "नहीं." मी शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "गाती है. बुरा गाती है, पर गाती है." डॉक्टर हसले, ती नाही हसली. ज्या आवाजात तिनं नऊ वर्षं गाणी बांधली, त्याचे बाराच दिवस खात्रीचे उरले होते, आणि मी त्यावर पाणी सोडलं.

दुःखाची इतकी हौस असलेलं आणि इतकं सुखी माणूस मी त्र्याहत्तर वर्षांत दुसरं पाहिलं नाही. माझी नणंद गेली तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, ही आमच्या वरच्या मजल्यावर राहते. वय एकोणचाळीस, लग्न नाही, रेल्वेत क्लार्क. कामात पक्की आहे म्हणतात. दहा ते साडेपाच ती एखाद्या कारकुनासारखीच दिसते आणि वागते. घरी आली की काळे कपडे घालते, पडदे ओढते, आणि पाय पसरून इतकी आनंदात बसते की बघणाऱ्याला वाटावं, हिला लॉटरी लागली. मे महिन्यात, जेव्हा झाशीत कावळासुद्धा सावली सोडत नाही, तेव्हाही ही काळ्यातच. एकदा मी तिला घेऊन मानिक चौकात कापड घ्यायला गेले. तिनं काळं सुती कापड मागितलं, दहा मीटर. दुकानदार जुना ओळखीचा. त्यानं थान उलगडता उलगडता हलक्या आवाजात विचारलं, "बहनजी, घर में सब ठीक तो है?" ही म्हणाली, "सब ठीक है भैया." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे माझ्या मनात होतं की हिचं काही खरं नाही, पण त्याला वेगळंच वाटलं. त्यानं हात जोडले, आम्हाला पाणी दिलं, आणि दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आला. घरी येईपर्यंत ती हसत होती. म्हणाली, "मामी, इतना अच्छा तो कोई मेरी गाणी ऐकूनही वागत नाही."

ही गाणी कसली, असं मी तिला विचारलं होतं. तिनं नाव सांगितलं, पोस्ट-पंक आणि ड्रीम पॉप. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काय कळणार. मी म्हटलं, नावं नको, काय ते सांग. तेव्हा तिनं सांगितलं की आधी विलायतेत काही पोरं खूप ओरडली, मग थकली, आणि थकल्यावर त्यांनी जी गाणी केली ती पहिली जात. आणि दुसरी जात म्हणजे दुपारी जेवून पडल्यावर दोन घरं सोडून कोणी गातंय असं वाटतं, पण उठून बघावंसं वाटत नाही, ती. हे मला पटलं. ऐकल्यावर मात्र माझं मत झालं की त्या दोन घरांमध्ये अजून एक घर असतं तर बरं. तिच्या गाण्यात बाई अशी गाते की तोंडावर गोधडी घेतली आहे. मी म्हणायचे, शब्द तरी नीट म्हण. ती म्हणायची, "शब्द समजले तर मग गाणं कशाला?"

आणि शब्द सगळे मराठी. जी मुलगी माझ्याशी अर्धं हिंदीत बोलते, जिला सत्तावीस की अठ्ठावीस हे अजून बोटं मोजून सांगावं लागतं, ती गाणी मराठीत लिहिते. मी कारण विचारलं तर म्हणाली, "हिंदीत रडलं की पूरा मोहल्ला चौकशीला येतो, मामी. मराठीत रडलं तर फक्त तू येतेस, आणि तू ओरडून परत जातेस." शब्द अडला की ती खाली यायची. मी पोळ्या करत असायचे. "मामी, दिवा लावायच्या आधीची जी वेळ असते तिला काय म्हणतात?" मी म्हणायचे, "तिन्हीसांज. आणि तेव्हा लोळत पडायचं नसतं." ती ते वहीत लिहून घ्यायची. मला वाटायचं, एक शब्द लिहिला असेल.

घरातला कुठलाही आवाज तिला पवित्र. कूलर घरघरायला लागला तर मेकॅनिक बोलवायचा नाही, तो दुसऱ्या गाण्यात होता. जिन्याचं दार करकरायचं, ते पाचव्या गाण्याची सुरुवात. मी एकदा बिजागरीत गोडं तेल घातलं. संध्याकाळी ती आली, दार उघडलं, आवाज आला नाही. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. मग पायरीवर बसली आणि म्हणाली, "तूने मार डाला उसको." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पावसाळ्यात बिजागरी गंजून पुन्हा करकरायला लागली तेव्हा ऑफिसातून येताना पाव किलो पेढे घेऊन आली. मला वाटलं बढती मिळाली. ती म्हणाली, "दार बोललं."

ढोल वाजवायला तिनं जो माणूस शोधला तो तिच्याच तोलाचा. झाशीजवळच्या बबीन्याचे निवृत्त सुभेदार, फौजेच्या बँडमध्ये अठ्ठावीस वर्षं साइड ड्रम वाजवलेले. मिशा पांढऱ्या, पाठ सरळ, स्कूटरवर ड्रम बांधून दर रविवारी दहाला हजर. दहा म्हणजे दहा. ही म्हणायची की तिला मशीनसारखा ठोका हवा, पण मशीन नको. सुभेदार तसेच होते. पहिल्या दिवशी त्यांनी गाणं शेवटपर्यंत उभ्यानं ऐकलं आणि विचारलं, "मैडम, इसमें मरा कौन है?" ही म्हणाली, "कोई नहीं, सूबेदार साहब." "घायल?" "नहीं." "तो फिर मार्च किसलिए है?" ती हेडफोनची वायर गुंडाळू लागली. सुभेदारांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ठीक है. हुक्म समझ में आए, ज़रूरी नहीं." आणि त्यांनी वाजवलं. वीस मिनिटं एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. जाताना मला सॅल्यूट ठोकून म्हणाले, "माताजी, बच्ची बहुत दुखी है. पोहे बहुत अच्छे थे."

आता हे सगळं करणारी बाई, कूलरचा आवाजसुद्धा तीन ठिकाणी जपून ठेवणारी, तिनं स्वतःचं गायन एका यंत्रात का ठेवलं? तर त्याला कारण माझी नणंद. आमच्याकडे देवाचा नैवेद्य चाखत नाहीत. मीठ कमी पडलं तरी चालेल, पण नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला लावायचं नाही. नणंद यात फार कडक. मुलीनं लहानपणी मोदकाचं सारण बोटानं चाटलं तर तिनं अख्खी कढई बाजूला काढून नव्यानं नारळ खवला होता. ते हिच्या डोक्यात बसलं. देवाधर्माचं ही काही करत नाही, पण गाताना हिचा नियम की आठही गाणी गाऊन होईपर्यंत एकही ऐकायचं नाही. ऐकायचं नाही म्हणून यंत्रातून काढायचं नाही, काढायचं नाही म्हणून दुसरीकडे ठेवायचं नाही. साडेसात गाणी तिनं न चाखता शिजवली, आणि आठव्याच्या मध्यावर मी मोटर लावली.

यंत्र सुभेदार घेऊन गेले. त्यांनी ते दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं, कारण फौजेत त्यांनी एकदा असं घड्याळ वाचवलं होतं. मग दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो उघडून बघून म्हणाला, "इसमें अब कुछ नहीं है." सुभेदारांनी मला हे फोनवर सांगितलं, तिला सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. मी सांगितलं. ती भात कालवत होती. "हं" म्हणाली आणि कालवत राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही खरंच दुःखी झाली की कशी दिसते. काळे कपडे नव्हते, पडदा नव्हता, काही नव्हतं. नुसता भात कालवत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी टाकी रिकामी करायला घेतली. पाणी फेकायचं कसं? झाशीत पाणी फेकणाऱ्या बाईला शेजारणी पुढचे सात जन्म नावं ठेवतील. मी हंडे भरले, कळशा भरल्या, घंगाळ, पिंप, कुकर, पराती, लोणच्याची रिकामी बरणी, सगळं भरलं. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मग मोटरचा फ्यूज काढला आणि पदराच्या गाठीला बांधला. ती वरून खाली आली तर मी जिन्यात बसून फडकी पिळत होते. "मामी, हे काय?" मी म्हटलं, "टाकी पुसून झाली. नऊ दिवस आहेत. वर जा."

"नऊ दिवसांत आठ गाणी नाही होत. यंत्र कुठलं आणू?"

"सुभेदार कोणाकडून तरी आणतायत. मी सांगितलंय."

"आणि पाणी?"

"माझे हात गेलेत का?"

नऊ दिवस मी टाकीत पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही. माझ्यासारखीनं रिकामी टाकी बघणं म्हणजे सासुरवाडीला गेलेल्या जावयानं उपाशी झोपणं. सकाळी "नल आ गए" झालं की माझा हात बटणाकडे जायचाच, मग मी तो कमरेवर ठेवायचे. अंगणातल्या नळावर बादल्या भरायच्या, स्वयंपाकघरात न्यायच्या, दोन जिने चढून तिच्या मोरीत न्यायच्या. शेजारीण विचारी, "अम्मा, मोटर ख़राब हो गई क्या?" मी म्हणे, "हाँ." चौथ्या दिवशी तिला दया आली आणि तिनं न विचारता मेकॅनिक पाठवला. तो पाना घेऊन दारात. मी म्हटलं, "ठीक नहीं करानी." तो म्हणाला, "ख़राब है न?" मी म्हटलं, "ख़राब है, पर ठीक नहीं करानी." तो दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "घर में कोई और है, अम्मा?"

ती सहाला टाकीत उतरायची आणि ऊन चढायच्या आत बाहेर यायची. मी टाकीच्या तोंडाशी पाट टाकून बसायचे, कोणी चुकून काही करू नये म्हणून. सगळ्यात जास्त भरवसा नव्हता तो माझाच. तिथे बसून मी पहिल्यांदा तिचे शब्द ऐकले. वाद्यं तिच्या कानात होती. मला ऐकू यायचं ते नुसतं गाणं, टाकीतून वर येणारं, घुमलेलं पण स्वच्छ. दुसऱ्या गाण्यात बाई गात होती, तिन्हीसांजेला लोळत पडायचं नसतं. पुन्हा पुन्हा तेच. तिसऱ्यात, ओला टॉवेल पलंगावर टाकू नये. चौथ्यात, जेवून जा, वाट बघून पोळ्या कडक झाल्या. ही सगळी माझी वाक्यं. काही माझी, काही तिच्या आईची. आम्हा दोघींचं ओरडणं एकाच शाळेतलं. ती वही घेऊन पोळ्यांपाशी बसायची तेव्हा शब्द नाही, सगळंच लिहून घेत होती. आम्ही आयुष्यभर जे तोंड वाजवलं ते हिनं इतक्या हळू, इतक्या लांबून गायलं होतं की त्यात राग कुठे राहिलाच नव्हता. मी काही रडले-बिडले नाही. पण टॉवेलच्या गाण्यात मी पाटावरून उठले आणि कठड्याशी जाऊन उभी राहिले.

पहिलं गाणं झालं तेव्हा ती यंत्र घेऊन वर आली आणि ते बाजूला ठेवू लागली. मी म्हटलं, "ऐक."

"आठ झाल्यावर."

"आत्ता ऐक, आणि चार जागी ठेव. चाख. तुझ्या आईला मी बघून घेते." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी तिची वहिनी आहे. तिच्याशी भांडायचा हक्क माझा." मग तिनं हेडफोन लावला. ऐकताना तिचं तोंड कसं झालं होतं ते मला सांगता येणार नाही. पहिल्यांदा आरशात बघितल्यासारखं.

आठव्या दिवशी तिचा गळा बसला. सात गाणी झाली होती, आणि उरलेलं होतं तेच, ज्याच्या मध्यात मी मोटर लावली होती. ती टाकीत उतरली आणि आवाजच येईना. मी वाकून बघितलं तर भिंतीला टेकून खाली बसली होती. म्हणाली, "मामी, राहू दे. सात पुरे. मला भीती वाटते. उद्या हे गायलं की संपलं, त्यानंतर मी कोण असेन काय माहीत." ही एवढं मोठं वाक्य मराठीत बोलली, एकही हिंदी शब्द नाही. मी म्हटलं, "रडायचं असेल तर रड. पण मशीन चालू करून रड." आतून आधी नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग हसण्याचा आवाज आला, टाकीत घुमून चौपट झालेला. शेजारीण गच्चीवर कपडे वाळत घालत होती, ती घाबरून खाली पळाली. नवव्या दिवशी तिनं आठवं गाणं गायलं. घोगरं, मध्ये दोनदा श्वास तुटलेला. तसंच ठेवलं. मला विचाराल तर तेच सगळ्यात बरं आहे.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली. आवाज गेला नाही, पण परत आला तो दुसराच. खालचा, जाडसर, दुपारी दुकान उघडणाऱ्या माणसासारखा. ऑफिसात कामाला चालतो, भाजीवाल्याशी भांडायला तर पहिल्यापेक्षा बरा. गायला गेली की वरच्या पट्टीत नुसती हवा निघते. डॉक्टर म्हणाले, इतकाच राहील. तिनं मान हलवली.

अल्बम निघाला. डोंगराकडची एक लहानशी कंपनी आहे, तिनं काढला. झाशीत कोणी ऐकला असेल असं मला वाटत नाही, सुभेदारांच्या घरचे सोडून. त्यांनी त्यावर छापलेलं आपलं नाव, हुद्द्यासकट, बबीन्यात सगळ्यांना दाखवलं, आणि कोणी गाणं लावा म्हटलं की म्हणाले, "वो फिर कभी." पण बाहेरगावी कोण कोण ऐकतात. चिठ्ठ्या येतात तिला फोनवर. ती वाचते, ठेवून देते. स्वतः ती तो अल्बम लावत नाही. एकदा मी विचारलं, का. म्हणाली, "ती दुसरी कोणी वाटते, मामी. मला तिच्या घरात शिरल्यासारखं होतं."

परवा रविवारी ती तांदूळ निवडत होती आणि फोन वाजला. नागपूरची कुठली मुलगी. तिचे हात सुपात गुंतले होते म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरला, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. मुलीला शब्द समजले होते. टॉवेलचं गाणं ऐकून तिनं म्हणे आईला फोन केला, दोन वर्षांनी. ही "अच्छा, अच्छा" करत होती, त्या नव्या जाड आवाजात. मुलगी जरा घुटमळली आणि म्हणाली, "माफ करा हं, पण ज्यांनी गायलंय, त्या आहेत का घरी? त्यांच्याशीच बोलायचं होतं."

सुपातल्या तांदळावर तिचा हात थांबला.

मी फोन माझ्या कानाला लावला आणि सांगितलं, "हीच आहे ती. दुसरी कोणी नव्हती."